माझ्या मापाचा ओटा

माझी उंची शाळेतच थांबली. वर्गातल्या मुली वाढत गेल्या, मी होते तेवढीच राहिले. आज चाळिशी ओलांडली तरी नेहमीच्या ओट्याची कड माझ्या छातीशी येते. आईच्या घरी आणि पुढे भाड्याच्या खोल्यांमध्ये मी कायम स्टुलावर चढूनच स्वयंपाक केला. एकदा उकळतं वरण उतरवताना स्टूल सरकलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. हाताला पट्टी बांधलेली असतानाच मी ठरवलं, स्वतःचं घर झालं की स्टुलावर चढायचं नाही.

घर झालं. मनीषनगरात, दोन खोल्यांचं, जुनं, पण माझ्या एकटीच्या नावावर. राहायला जाण्याआधी ओटा तोडून खाली घ्यायचा, सिंक आणि लाइटची बटणंही खाली आणायची, असं मी पक्कं केलं. धाकट्या भावाने मिस्त्री शोधून दिला. मिस्त्रीच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती, पण तो माझ्याशी बोलतच नसे. प्रश्न मी विचारायची आणि तो उत्तर भावाला द्यायचा.

"एवढा खाली ओटा केला तं सिलिंडर कुठं ठेवसान?" त्याने भावाला विचारलं.

"मागच्या गॅलरीत," मी म्हणाले. "भिंतीले भोक पाडा अन् पाइप आत घ्या."

"अन् उद्या घर विकाले काढलं तर?" हेही भावालाच.

"मले विकाचं नाही."

आईची काळजी वेगळी होती. "पाहुणे येतीन तं काय म्हणतीन वं? सारं घर अंगणवाडीसारखं करून राहिली तू!"

जुना ओटा निघाल्यावर मी त्यामागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले, कोपर दुमडलं आणि त्याच्या थोडं खाली पेन्सिलीने रेघ ओढली. ओट्याचा दगड इथपर्यंतच, वर नाही, असं मिस्त्रीला सांगितलं. त्याने मान हलवली.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर सीताबर्डीहून मेट्रो धरली आणि तडक नव्या घरी गेले. जुन्या ओट्याच्या जागी विटांचं नवं बांधकाम उभं होतं. माझी रेघ विटांमागे कुठेतरी गडप झाली होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. वरची वीट छातीला लागली.

मिस्त्रीला फोन केला. "ताई, तुमच्या भावानंच सांगितलं, रेग्युलर हाइटच ठेवा म्हणून."

भावाला फोन केला. "तुह्याच भल्यासाठी सांगितलं. तू ऐकूनच नाही राहिली. स्वयंपाकाले बाई लावून देतो ना मी!"

मी फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून छन्नी आणि हातोडा आणला. बांगड्या काढल्या, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि सुरुवात केली. सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या काही विटा लवकर सुटल्या. पुढच्यांनी दमवलं. तळहाताला फोड आले, नाकातोंडात धूळ गेली. पण छातीशी येणाऱ्या विटांवर घाव घालायला मी अगदी योग्य उंचीची होते.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. "अवं, करणारं कोणी नाही काय घरात?"

"आहे ना. मी आहे."

त्या वर निघून गेल्या. भिंतीवरची रेघ मोकळी झाल्यावरच मी हातोडा खाली ठेवला.

सोमवारी मी सुट्टी टाकली. मिस्त्री आला, मागोमाग भाऊही आला. विटांचा ढीग पाहून मिस्त्रीने सवयीने भावाकडे पाहिलं. "हे कोणी तोडलं?"

"मी तोडलं," मी म्हणाले. "अन् आता मले विचारा. घर माझं आहे, माप माझंच लागन. जमत नसन तं सांगा, मी दुसरा मिस्त्री पाहते."

त्याने ढिगातली एक वीट पायाने बाजूला सारली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सिंकचा पाइपही खाली घ्या लागन मग."

"घ्या."

भाऊ चिडला होता. "एवढी जिद्द काहून वं?"

"तू कधी स्टुलावर चढून पोळ्या केल्या?"

"कर मग तुह्या मनानं," म्हणत तो निघून गेला. त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. ओटा झाला, बटणं खाली आली, आणि मी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून भाकर थापली.

शेवटी एका दुपारी आई त्याला घेऊन जेवायला आली. ओट्यापाशी वाकून आईची पाठ भरून आली. तिने खुर्ची ओढली आणि बसूनच पोळ्या लाटल्या. "हे बरं हाय वं," ती म्हणाली. भावाने जेवताना आमटीचं कौतुक केलं. ओट्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि माफीही मागितली नाही. ताट धुवायला मात्र त्याला सिंकवर चांगलंच वाकावं लागलं. पाणी उडून पँट भिजली.

"कंबर गेली वं माही!"

मी पानावरून उठले नाही. "पाय फाकवून उभा राहा," म्हटलं, "मग जमते."