साक्षीची मेणबत्ती

मेणकाकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, हे त्यांच्या बायकोने लग्नानंतर आठच दिवसांत ओळखलं होतं. निमित्त धाकट्या दिराच्या घड्याळाचं. त्याने नवं घड्याळ आणलं, घरातल्या सगळ्यांनी ते हातात घेऊन कौतुक केलं, आणि मेणकाकांनी कानाला लावून "टिकटिक जरा जास्तच करतंय" असा शेरा मारला. पुढे शेजाऱ्याच्या घराला रंग लागला तेव्हा तो त्यांना भडक वाटला. मेव्हण्याला बढती मिळाली त्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं. माणूस तसा वाईट नव्हता, कोणाचं कधी वाकडं केलं नाही की कोणाला फसवलं नाही. फक्त दुसऱ्याच्या ताटातला घास त्यांना कायम मोठा दिसायचा.

कामात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. घराच्या मागे लांबट खोली, तिच्यात दोन शेगड्या, पाण्याच्या पातेल्यात बसवलेला मेणाचा डबा आणि ओळीने मांडलेले साचे. पुढच्या बाजूला टीचभर दुकान. चाळीस वर्षं मेणकाका एकच माल करत आले: वीतभर उंचीची पांढरी मेणबत्ती. घरातले दिवे गेले की लोकांना आठवते ती. तुटकीफुटकी मेणबत्ती ते विकत नसत, तुकडे मागणाऱ्याला असेच देत. शिंपीण झिपला घासायला न्यायची, सुतार ड्रॉवरच्या पट्टीला, मोची दोऱ्याला. देताना उपदेश मात्र सक्तीचा असे. वात नखाएवढीच ठेवा, पडद्याखाली लावू नका, वाऱ्यात ठेवू नका, पेटती सोडून झोपू नका, आणि मेणाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकण घालायचं. पाणी ओतलं की काय होतं ते ते स्वतःच्या कोपरावरचा जळका डाग दाखवून सांगत. शिंपीण तर दारातूनच म्हणायची, "काका, झाकण घालीन, पाणी ओतणार नाही, आता तुकडा द्या."

या उपदेशामागे एक बाई होती. धंद्याच्या पहिल्या वर्षी एक अनोळखी बाई दुकानात आली, तिने पडद्याचा जळलेला कोपरा फळीवर ठेवला आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. त्या खेपेला वात जाड पडली होती. त्या दिवसापासून मेणकाकांनी नेम केला. प्रत्येक खेपेतली एक मेणबत्ती बाजूला काढायची, बशीत उभी करायची, पेटवायची, आणि ती संपेपर्यंत समोर माणूस बसलेला पाहिजे. तिला घरात साक्षीची मेणबत्ती म्हणत. ती नीट जळली तर भिंतीवरच्या फळ्यावर खडूने एकच शब्द लिहायचा, ‘ठीक’. तो शब्द पडल्याशिवाय माल खोलीबाहेर जायचा नाही. घरी पाहुणे आले असले तरी मेणकाका त्या लाकडी खुर्चीवरून उठत नसत.

लेक याच खोलीत लहानाची मोठी झाली. शिकली, परगावी एका कचेरीत नोकरीला लागली, सात वर्षांनी नोकरी सोडून परत आली. "बाबा, मी पण मेणबत्त्याच करणार," म्हणाली तेव्हा मेणकाकांची छाती चार बोटं फुगली. ती फुगलेली छाती सहा महिन्यांत बसली.

कारण लेकीने त्यांच्यासारख्या मेणबत्त्या केल्याच नाहीत. तिच्या पेल्याएवढ्या जाड, फिकट रंगाच्या, आणि कडेच्या मेणात वाळवलेली फुलं बसवलेली. "फुलं काय जाळायची असतात?" मेणकाका म्हणाले. "बाबा, वात बारीक ठेवली की मेण मधल्या मध्ये वितळतं, फुलांपर्यंत जातच नाही," लेक म्हणाली. खरंच जात नव्हतं, साक्षीला ते स्वतःच बसले होते. त्या मेणबत्त्या लोक पेटवतसुद्धा नसत, कपाटात मांडून ठेवत. कोणाच्या वाढदिवसाला देत, कोणाची समजूत काढायला देत. एक बाई तर म्हणाली की नवरा गेल्यापासून संध्याकाळी ही लावून बसते, खोलीत कोणीतरी असल्यासारखं वाटतं. चाळीस वर्षांत मेणकाकांच्या मेणबत्तीबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. तिच्याबद्दल लोक फक्त एवढंच विचारत, की किती वेळ चालेल.

मग सुरू झालं. लोक दुकानाशी येऊन विचारू लागले, "ताईंचं दुकान हेच का?" बँकेतला माणूस म्हणाला, "तुम्ही ताईंचे वडील ना?" ज्या गल्लीत लोक पत्ता सांगताना ‘मेणकाकांच्या पुढे तिसरं घर’ म्हणत, त्या गल्लीत ते आता कोणाचे तरी वडील झाले होते. वर्तमानपत्रातली एक बाई आली, तिने दोघांचा फोटो काढला. छापून आला तेव्हा त्यात लेक होती, मेणबत्त्या होत्या आणि डाव्या कडेला एक कोपर होतं. जळका डाग दिसत होता, म्हणून कोपर त्यांचंच एवढं तरी कळलं.

"पोटच्या पोरीला कोणी पाण्यात बघतं का?" बायको एकदा म्हणाली.

"मी कशाला बघू? मला तिचं कौतुकच आहे."

"दिसतंय. दीड वर्षात तिच्या एका मेणबत्तीला हात लावला नाहीत. साक्षीला बसता तेव्हासुद्धा तिलाच मांडून द्यावी लागते."

मेणकाका साचे पुसायला उठले. हेवा वाटत होता, आणि हेवा वाटतो याची लाजही वाटत होती. लाज वाटली म्हणून हेवा काही कमी होत नव्हता.

अशात एका मोठ्या हॉटेलातून लेकीला मागणी आली. साठ टेबलांचं जेवण, प्रत्येक टेबलावर तिची एक मेणबत्ती. मॅनेजरची अट एकच, ज्योत लांबून दिसली पाहिजे. लेकीने त्यासाठी वात एक नंबर जाड घेतली. सकाळी दहाला तिने साक्षीची मेणबत्ती बशीत उभी करून पेटवली. "बाबा, मी खोकी आणि रिबिनी घेऊन येते. तुम्ही बसाल ना?" असं म्हणून ती गेली.

दोन तास ज्योत शहाण्या मुलासारखी जळली. तिसऱ्या तासाला वितळलेल्या मेणाची वाटी रुंद होत कडेपर्यंत गेली. एक पाकळी सुटून मेणात उतरली, तिचं टोक काळं झालं आणि तिचीच वात झाली. मग शेजारची पाकळी. बघता बघता कडेकडेने सगळी फुलं पेटली, ज्वाळा हातभर वर आली आणि बशी कडकन तडकली. मेणकाकांनी पातेल्याचं झाकण उचलून तिच्यावर घातलं. पाण्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आग विझल्यावर मात्र आपल्याला थोडं बरं वाटलं, हे त्यांच्या लक्षात आलं. लेकीचं चुकलं होतं.

सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं. कसं सांगायचं तेही ठरलं होतं, जरा खाकरून, जरा अनुभवी आवाजात. पण लेक चार वाजता आली ती धावतच आली.

"बाबा, हॉटेलात त्या पेपरवाल्या बाई येणार आहेत. परत फोटो काढणार. या वेळी माझा एकटीचा म्हणाल्या." मग तिने रिकाम्या जागेकडे बघितलं. "संपली पण? कशी जळली?"

"ठीक," मेणकाका म्हणाले.

एवढंच. शब्द तोंडातून गेला आणि त्यामागोमाग खडूने फळ्यावरही गेला. जळका गोळा मेणाच्या डब्यात, तडकलेली बशी कचऱ्यात. चाळीस वर्षांत फळ्यावर पडलेला तो पहिला खोटा शब्द.

पुढचे दोन दिवस मेणकाकांनी स्वतःची समजूत काढण्यात घालवले. होऊन होऊन काय होईल? एखादा टेबलक्लॉथ करपेल, वेटर धावत येईल, चार लोक नाकं मुरडतील. मग लेक येईल आणि म्हणेल, बाबा, तुमचंच खरं होतं, फुलं जाळायची नसतात. एवढंच तर हवं होतं त्यांना. पण डोळे मिटले की टेबलं दिसायची, टेबलांवरचे कागदी रुमाल दिसायचे, मेणबत्तीवरून हात लांब करणारी माणसं आणि त्यांच्या सैल बाह्या दिसायच्या. कोणी घाबरून ग्लासातलं पाणी ओतणार, हे तर ठरलेलंच. त्यांचा हात आपोआप कोपराकडे जाई.

"बशी कुठे गेली?" बायकोने जेवताना विचारलं. "निळ्या काठाची. सहातल्या पाचच आहेत."

"पडली हातून."

"तुमच्या हातून? उकळतं मेण कधी सांडलं नाही तुमच्या हातून." तिने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. मेणकाका अर्ध्या ताटावरून उठले.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलची गाडी यायची होती. माल भरायला लेकीला माणूस कमी पडत होतं. "बाबा, एवढ्या खोक्यांत ठेवायला मदत करा ना." नाही म्हणायला काही निमित्त सापडेना. मेणकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीची मेणबत्ती हातात घेतली. जड होती. मेण एकसारखं बसलं होतं, एक बुडबुडा नाही. चांगलं काम आहे, हे त्यांच्या बोटांना मनाच्या आधी कळलं. खोक्यात आडवी ठेवायला त्यांनी ती उलटी केली तर बुडाला एक गोल कागद चिकटवलेला. त्यांनी चष्मा लावला.

‘ही खेप माझ्या बाबांनी समोर बसून शेवटपर्यंत जाळून पाहिली आहे. निर्धास्त लावा.’

त्यांनी दुसरी उलटी केली. तिसरी केली. सगळ्यांवर तेच.

"हे कधीपासून?"

"पहिल्या खेपेपासून," लेक खोकं बांधता बांधता म्हणाली. "तुम्ही कधी उलटी करून बघितलीच नाहीत? अहो, लोक तेच वाचून घेतात. मॅनेजरने पण आधी हेच विचारलं, बाबांनी बघितल्या का म्हणून."

मेणकाका खाली बसले. दीड वर्ष ज्या मानासाठी ते जळफळत होते, तो दीड वर्ष मेणबत्तीच्या बुडाशी चिकटलेला होता. आणि तो वाचायला मिळाला तो नेमका खोटा ठरल्यावर.

"या पाठवू नकोस," ते म्हणाले.

"काय?"

"तिसऱ्या तासाला फुलं पेटली. हातभर ज्वाळा आली. बशी तडकली."

लेकीच्या हातातली रिबीन तशीच राहिली. तिने फळ्याकडे बघितलं. "मग ठीक का लिहिलंत?"

खोटं बोलायला शंभर वाटा होत्या. डोळा लागला म्हणता आलं असतं, वय झालं म्हणता आलं असतं. "हेवा वाटला तुझा," मेणकाका म्हणाले. "फोटो तुझा एकटीचा म्हणालीस, आणि मला सहन झालं नाही."

दारात बायको उभी होती. तिला बशीचं उत्तर मिळालं होतं, पण बशीबद्दल ती काही बोलली नाही.

लेक रडली नाही की ओरडली नाही. तिने हॉटेलला फोन लावला. वात जाड पडली आहे, माल देता येणार नाही, चूक आमची आहे, असं तिने सांगितलं. ‘आमची’ म्हणाली, हे मेणकाकांनी ऐकलं. मग तिने विचारलं, "तुमच्या पांढऱ्या किती आहेत तयार?"

"दोनशे असतील."

"साक्ष झाली आहे?"

आजवर हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "झाली आहे," ते म्हणाले. ती तरीही आत गेली, त्यातली एक आणून दगडावर उभी केली, पेटवली आणि गाडी येईपर्यंत तिच्याकडे बघत बसली. मग साठ मेणबत्त्या मोजून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. मेणबत्त्या साध्या होत्या, पण सगळ्यांना आवडल्या, कोणी केल्या म्हणून पाहुण्यांनी चौकशी केली. लेकीने फोनवर वडिलांचं नाव सांगितलं आणि निरोप जसाच्या तसा त्यांच्यापर्यंत पोचवला. हे ऐकायला मेणकाकांनी काय नसतं दिलं. आता ऐकलं, तर तहान नसताना पाणी प्यायल्यासारखं वाटलं. लेक जमिनीवर बसून आपल्या न पाठवलेल्या साठ मेणबत्त्यांच्या बुडाचे कागद नखाने काढत होती. त्यांनी एक उचलायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे बाबा, मी काढते."

आठवड्याने नवी खेप झाली. वात पुन्हा बारीक, फुलं तीच. लेकीने फळा ओल्या फडक्याने पुसला, निळ्या काठाची दुसरी बशी आईकडून मागून आणली, तिच्यात मेणबत्ती उभी करून पेटवली. मेणकाका सवयीने खुर्चीकडे निघाले.

"तू जा तुझ्या कामाला," ते म्हणाले. "मी बसतो."

"नको बाबा," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "मी बसते."

ती त्यांच्या खुर्चीवर बसली, कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि ज्योतीकडे बघू लागली. कसं बघायचं ते त्यांनीच तिला शिकवलं होतं. संपेपर्यंत आता ती नजर हलवणार नव्हती. मेणकाका दाराशी उभे राहिले. जन्मभर त्यांनी घड्याळांचा, घरांचा, बढत्यांचा आणि पोटच्या पोरीचा हेवा केला होता. आता त्यांना त्या मेणबत्तीचा हेवा वाटला.