शेवटचा गोळा

भूत, भानामती असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तेवढं सांगते.

सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावचं लहानसं स्टेशन होतं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली आणि ते बंद झालं. गाड्या न थांबता जाऊ लागल्या. माझे सासरे, मामाजी, तिथे पॉइंटमन. धावत्या इंजिनच्या ड्रायव्हरला ते वेताची रिंग देत. तिच्या पिशवीत लोखंडी गोळा — म्हणजे पुढे जायची परवानगी. ड्रायव्हर हात बाहेर काढून रिंग दंडात अडकवून घेई. उभ्या नोकरीत मामाजींचा एक गोळा चुकला नाही.

स्टेशन बंद झालं त्या दिवशी शिल्लक राहिलेला गोळा पुढच्या स्टेशनात जमा करायला त्यांनी शेवटच्या गाडीला दिला. ड्रायव्हर म्हणाला, मिळालाच नाही. रुळांकडेची झुडपं आम्ही पालथी घातली... काही नाही. गावानं त्यांना चोर ठरवलं आणि त्यांनी अन्न सोडलं. आठव्या दिवशी उठून बसवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवस फार तर.

पण मिरच्या कोणासाठी थांबत नाहीत. भर दुपारी घराला बाहेरून कडी घालून मी शेजारच्या गोदाबाईसोबत त्या ओस प्लॅटफॉर्मवर गेले. पार कडेपर्यंत मिरच्या वाळत पसरल्या आणि भिंतीच्या सावलीत बसलो.

"तुह्या सासऱ्यानं गोळा गिळला का वं?" गोदाबाईनं विचारलं.

"गिळला असता तं पोट तरी भरलं असतं."

तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हरनं सवयीनं हात बाहेर काढला. रिकामा होता — मी नीट पाहिला. इंजिन पुढे सरकलं तेव्हा त्याच्या दंडात रिंग होती. तो मागे वळून ओरडला, "कोनं देल्ला हो?"

मी आधी मिरच्या पाहिल्या. रिंग द्यायची तर कडेलाच उभं राहावं लागतं. एकही चिरडलेली नव्हती.

घरी कडी जशीच्या तशी. आत मामाजी खाटेवर बसलेले, उजवा खांदा चोळत.

"गेला नं गोळा?" ते म्हणाले. "आता भाकर टाक, सूनबाई. अन् आधी पायावर पानी वत. तळव्याची आग होऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी निरोप आला: गोळा जमा झाला, त्यावर आमच्याच स्टेशनचं नाव. मामाजी पुढे बरीच वर्षं जगले. विचारलं की एवढंच म्हणत, "ड्युटी होती."

त्या दुपारी ते प्लॅटफॉर्मवर गेले कसे, आणि गेलेच नसतील तर तळवे कशानं जळत होते — मला आजही सांगता येत नाही. मिरच्या मी कांडल्या. वर्षभर सगळ्यांनी खाल्ल्या, मामाजींनीही.