भिंतीवरचा ओला अंगठा

जिल्हा पोलीस कार्यालयासमोर माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आहे. मागची भिंत जांभळ्या ठशांनी भरली आहे, कारण अर्जावर अंगठा उठवल्यावर लोक शाई तिथेच पुसतात. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पोलिसांच्याच दक्षता शाखेकडे जातात, आणि त्या भारदस्त भाषेत लिहिणारा या आवारात मी एकटाच आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

काल द्रुपदाबाई आली. हप्ता दिला नाही म्हणून हवालदाराने तिची भाजीची गाडी उलटवली होती. ती तक्रार मीच लिहिली होती.

"अण्णा, चौकशीला त्याचाच दोस्त आलाय. गाडी लावू देत न्हाई. घ्या ती मागं."

मी खणातून कागद काढला. 'गैरसमजातून तक्रार केली, आता काही म्हणणे नाही' असा मजकूर मी टंकून तयारच ठेवतो. फक्त नाव भरायचे असते.

शाई लागलेला अंगठा तिने कागदाजवळ नेला आणि उघड्या खणातला तसल्याच कागदांचा गठ्ठा पाहून ती थबकली. "म्हंजी मी परत येनार, हे तुमास्नी म्हाईत हुतं?"

मी चष्मा पुसू लागलो.

"मग त्या दिशी एवढं झोकात कशापायी लिवलंत? ऱ्हाऊ द्या. हाय ती तक्रार तशीच."

तिने अंगठा भिंतीवर पुसला आणि ती निघून गेली.

तक्रार करणाऱ्यांचे आणि मागे घेणाऱ्यांचे ठसे भिंतीवर सारखेच दिसतात. तिचा तेवढा वाळेपर्यंत मी पाहत राहिलो. मग त्या तयार कागदांचा गठ्ठा फाडण्यासाठी हातात घेतला, आणि पुन्हा खणात ठेवला.