इसहाकमियांची शाकारणी

"ह्येला छप्पर म्हनतंस तू, सिराज? ह्यो तवा हाय भाकरीचा. ढाळ नाय, वळचन नाय. पानी पडलं तर जाईल कुटं?"

सौदीतल्या हुफूफच्या जुन्या बाजारात खजुराचं एक गोदाम होतं. खजुराच्या खोडांवर चटया, चटयांवर माती, असं सपाट छपराचं. त्यावर उभा राहून इसहाक छपरालाच शिव्या घालत होता. सिराजुद्दीन त्याच्या खोलीतला, त्याच्यासारखाच दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. तो दोरीचं भेंडोळं धरून नुसता ऐकत होता. इसहाकचं ऐकायची त्याला सवय होती.

बावीस वर्षं इसहाक या गोदामाचा राखणदार होता आणि बावीस वर्षांत त्याला इथलं काही आवडलं नव्हतं. इथला चहा म्हणजे कपडे धुतल्याचं पाणी. उंट म्हणजे गाढवाचा थोरला भाऊ. सुट्टीवर गावी गेला की गाव नासलेलं, मासळी शिळी, पोरं आळशी. स्वतः तेवढा ताजा.

आता फरहानाचा, म्हणजे त्याच्या आणि बायको हफीजाच्या लेकीचा, निकाह फेब्रुवारीच्या वीस तारखेला ठरला होता. साल २००४. त्याचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार आणि गोदामाचा मालक, अबू फहद याने सुट्टीच्या कागदाला एकच अट घातली होती: येत्या पावसात खजुराच्या पेट्या कोरड्या राहिल्या की सही. म्हातारा मोडक्या हिंदीत सांगून गेला होता की मातीत भुसा कालव, तीन दिवस मुरव, पायानं तुडव आणि छप्पर गळतं त्या एका जागेवर लिंप. त्याचा बाप तसंच करायचा.

इसहाकने तोंडावर मान डोलावली. म्हातारा जिन्यावरून उतरला तसा इसहाक सिराजला म्हणाला, "पान्याला माती लावतोय. उद्या आग लागली तर ह्यो लाकडं टाकील."

त्याने आपल्या गावची शाकारणी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचं उतरतं छप्पर, काढली. खजुराच्या झावळ्या तोडून आणल्या, झाप विणायला बसला. नारळाची झावळी हाताला वळते. ही सुईसारखी टोचत होती आणि विणीत बोट जाईल एवढी फट राहत होती. तरी त्याने आठ झाप उरकले, बोटांना चिंध्या बांधून. मग छपरावर चार बांबू मातीत खोल ठोकले आणि उतरता मांडव घातला. सिराजने विचारलं, भोकं पडतायत त्याचं काय. इसहाकने उलट ऐकवलं की बाजारातले लोक आता छप्पर शिकायला येतील.

आले बघायला, ते हसायला. मांडव लग्नाचा होता म्हणे.

जन्मभर पावसाला नाकं मुरडणारा हा माणूस दहा दिवस आभाळाकडे डोळे लावून बसला. अकराव्या दिवशी सकाळी पाऊस आला. अर्धा तास, पण झोडपून. वाऱ्याने पहिले दोन झाप शेजारच्या दुकानावर नेले. उरलेल्यांतून पाणी गळून छपरावर साठलं, आणि बांबूच्या चारी भोकांतून सरळ खाली गेलं. आधी गळती एक होती. आता पाच. चाळीस पेट्या भिजल्या.

अबू फहद काठी टेकत वर आला. एकेका बांबूला काठी लावून त्याने मोजले. रागावला नाही.

"पुढला पाऊस," एवढंच म्हणाला.

पुढला पाऊस हुफूफात कधी, ते अबू फहदलाही ठाऊक नव्हतं. पुढच्या हिवाळ्यातही असेल.

सिराजने बांबू उपटले. इतके दिवस गिळलेलं एक वाक्य त्याने आता काढलं. "मांडव घातलास, मियां. लेकीचाच म्हनायचा."

इसहाकने खाली जाऊन मागच्या अंगणात खड्डा काढला, माती टाकली, पाणी ओतलं. लेंगा गुडघ्यापर्यंत खोचला.

"हफीजाला फोन लाव," तो म्हणाला. "निकाहात माज्या जागी माज्या भावाला वकील कर म्हनावं. निकाह थांबवू नको."

"आनि तुज्या छपराचं काय सांगू?"

"भुसा टाक," इसहाक म्हणाला, आणि खड्ड्यात उतरून तुडवायला लागला.