टाकीवरून दोन वीत

सोनाळ्यात माझा विषय निघाला की लोक आधी हसतात, मग काय झालं ते विचारतात. आमच्या मळ्यातलं एक वांगं बैलगाडीने दोन खेपांत घरी आणावं लागलं, ही गोष्ट माझीच. ती जवळजवळ खरी आहे.

त्यामुळे फोनवर अंतराळ स्थानक सापडलं तेव्हा माझी पंचाईत झाली. खरं सांगायची सवयच नव्हती. जगाचा नकाशा आणि त्यावर पळणारा एक ठिपका. दीड तासात पृथ्वीला फेरी, आणि आत जिती माणसं. दुसरबीडहून आमच्याकडे यायला एसटीला निम्मा दिवस लागतो. याला एक खोकला काढण्याइतका वेळ. तो ठिपका पाहिला आणि मला एका जागी बसवेना. हरभऱ्याला पाणी देताना फोन काढला, ठिपका समुद्रावर. दांड फुटून पाणी शेजाऱ्याच्या तुरीत शिरलं, ठिपका आफ्रिकेत. जेवताना एक घास, एकदा फोन.

बायकोचं उलटं. ती पाहते तेवढंच बोलते, आणि त्यातलंही थोडं मागे ठेवते. बचत गटात कोण काय बोललं यावरून भांडण लागलं की बाया तिलाच विचारतात, आणि ती सांगेल तिथे भांडण मिटतं. एका संध्याकाळी मी तिला ओढतच स्लॅबवर नेलं. ठरल्या मिनिटाला ते स्थानक आभाळात आलं, लखलखीत, मुकाट, आणि गेलं.  पुढे आठ दिवस वेळ झाली की ती माझा फोन घेऊन एकटीच वर जायची.

ते कुठून उगवणार, कुठे पृथ्वीच्या सावलीत शिरून विझणार, ती उंची फोनमध्ये अंशांत येते. ती म्हणाली, "अंश मले नाई समजत. वितीत सांगा." निंदायला गेलेल्या बाया घरी जायला किती वेळ उरला ते असंच पाहतात, सूर्याकडे हात लांब करून. तिने हात ताणला, अंगठा नि करंगळी फाकवली. वीस अंशांची एक वीत बरोबर भरली.

मग तिने गटात सांगून टाकलं, "शुक्रवारी सातवर दहाले शाळेच्या मैदानात या. मी सोता पाह्यलं." त्या "मी पाह्यलं"वर बाया यायला निघाल्या, माझ्यावर नाही. घरी मला म्हणाली, "अवो, या खेपी तुमी काईच बोलू नका. माह्या तोंडाचा प्रश्न हाय."

मी शब्द दिला आणि बुधवारपर्यंत पाळलाही. बुधवारी पानठेल्यावर एकाने टोचलं, "काय बे, आभायातून जहाज आनून राह्यला म्हनते?"

जीभ सुटली. "जहाज? दहा एसट्या मावतीन त्याच्यात! थेट मारुतीच्या कळसावर येते. अशी घरघर होते का लेकरायचे कान झाका."

शुक्रवारी मैदानात पाच हजार माणूस जमलं. बायको म्हणते, सत्तर. सगळ्यांच्या माना मारुतीच्या कळसाकडे. तिची मोठी जाऊ, म्हणजे माझी वहिनी, कानांत कापूस कोंबून पुढेच उभी. बायकोने कापूस पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये तोंड घातलं.

आणि ठिपका थांबला! अरबी समुद्रावर, मधोमध. मी मैदानाला चार चकरा मारल्या, फोन डोक्यावर धरला, बंद करून चालू केला. "अवं, थांबलं ते!"

"फोन थांबला," ती म्हणाली. "ते काऊन थांबन?"

सातवर दहा. शाळेच्या मागून ते वर आलं. चांदणीएवढं. ना घरघर, ना एसटी.

"कळसाकडे नाई, शाळेकडे पाहा," बायको म्हणाली.

वहिनीने कापूस काढला. "हे? हे तं इमान होय वं! याच्यासाठी भाकरी तव्यावर टाकून आली का मी? तुले बी नवऱ्याचं वारं लागलं वाटते."

मैदान हसलं. मलाही हसतात, पण ते हसणं मी कमावलेलं आहे. हे तिला चावलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अंधारात मला दिसल्या नसतील, तरी मी पाहिल्या. माझे पाय काही केल्या थांबेनात. एवढ्या थापा पचवल्या मी, आणि हा एक खरा ठिपका घशात अडकला होता.

बायकोने गावच्या पाण्याच्या टाकीकडे हात लांब केला. दुपारी ती याच मैदानात असाच हात करून उभी होती. मला वाटलं होतं, शाळेच्या कार्यक्रमाच्या मांडवाची जागा पाहतेय.

"इमान असन तं टाकीच्या पार जाईन," ती म्हणाली. "हे नाई जानार. टाकीवरून दोन वीत, तिथं विझन. पाहा."

ठिपका डोक्यावरून उतरत टाकीकडे निघाला. तीन वीत. अडीच. कोणी हसेना. दोन वितींवर तो तांबूस झाला, मंदावला, आणि भर मोकळ्या आभाळात नाहीसा झाला. विमान असं विझत नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

वहिनी बायकोकडे वळली, माझ्याकडे नाही. "परत कधी येते वं?"

"उद्या सहावर वीसले. पन खाली राहीन, डोंगराकडून, एकच वीत."

दुसऱ्या दिवशी बायको दूध काढत होती, म्हणून मला पुढे धाडलं. मैदानात बाया होत्याच. "कुठं दिसन?" वहिनीने विचारलं. मी तोंड उघडलं. दहा एसट्या जिभेवर आल्या होत्या; गिळल्या. "डोंगराकडे," मी म्हणालो, "एक वीत."

कुणीही तिकडे मान वळवली नाही. बायको पदराला हात पुशीत आली, तेच शब्द बोलली, आणि सगळ्या माना एकदम डोंगराकडे फिरल्या.