फ्लेक्सवरचे शुभेच्छुक

आमचं मूळ गाव मराठवाड्यातलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. मशीनखाली हात सापडला, दोन बोटं गेली, पाठोपाठ नोकरीही. मग आई चाकणच्या कंपन्यांतल्या कामगारांचे डबे करायची आणि अण्णा सायकलवरून पोचवायचे. त्या डब्यांवर मी वकील झाले, परीक्षा देऊन न्यायाधीश झाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

म्हणूनच त्या सकाळी कोर्टात जे झालं ते जास्त लागलं.

केस रस्त्याची होती. चाकणजवळच्या निघोजे गावातल्या एका आजींच्या गोठ्याकडे जाणारी वहिवाट एका प्लॉटिंगवाल्यानं भिंत घालून बंद केली होती. दुधाचा टेम्पो आत येईना. आजी कॅन डोक्यावर घेऊन बांधाबांधानं यायच्या. युक्तिवाद संपला होता, फक्त निकाल द्यायचा होता.

आजींचे वकील उभे राहिले. "मॅडम, राग मानू नका," म्हणत त्यांनी क्लार्कच्या हातून मोबाइल वर दिला. त्यात आमच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटो. फ्लेक्स अण्णांच्या एकसष्टीचा. मधोमध अण्णा, शेजारी काळ्या कोटात मी, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गॉगल लावून तोच प्लॉटिंगवाला.

मी मोबाइल परत दिला.

मी केसमधून बाजूला होते, असं सांगितलं. म्हणजे केस दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाणार आणि युक्तिवाद पुन्हा होणार.

आजी उठल्या. "मॅडम, तुमीच द्या निकाल. माझा इस्वास हाय."

"आजी, तुमच्या बाजूनं दिला तर घाबरून दिला म्हणतील. विरोधात दिला तर ओळखीनं."

"मंग मी आजून किती दीस कॅन वाहू?"

मी फाइल बंद करून क्लार्ककडे दिली.

संध्याकाळी अण्णांना म्हटलं, "तो फ्लेक्स काढायला लावा."

"का गं? लोकं थांबून बघायलेत. आधी कोन इचारत होतं तुझ्या बापाला?"

"खालचा तो गॉगलवाला माझ्या कोर्टातल्या केसमध्ये पार्टी आहे."

अण्णा म्हणाले, "मंडळाची पोरं म्हनली, छपाई तेनंच करून दिली. मला वाटलं, चांगला मानूस हाय."

म्हणजे वकिलांची शंका अगदीच वावगी नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघं नीट जेवलो नाही. सकाळी अण्णांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला.

मी सगळं आमच्या जिल्हा न्यायाधीशांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "यात तुमचा दोष नाही."

"आजींचाही नव्हता, सर."

दुसऱ्या न्यायाधीशांनी नव्यानं ऐकलं. तोवर पावसाळा गेला. आजी चिखलातून कॅन नेत राहिल्या.

न्यायाधीशानं कुणाकडून काही घेऊ नये, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. घरच्यांना कोण काय देतंय, तेही विचारत राहावं, ही अक्कल मला नोकरीत आली.

निकाल आजींच्या बाजूनं लागला. भिंत पाडली. टेम्पो आता गोठ्याच्या दारापर्यंत जातो.