डिलीट गुरुजी

आमचे गुरुजी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातातल्या फोनकडे बघत. "किती जागा मोकळी हाय?" हाच त्यांचा नमस्कार. साखरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावरच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा माझ्या फोनात जागा शून्य होती. गुरुजींच्या लेखी माझी किंमतही पुढे बरेच दिवस तेवढीच राहिली.

शाळेत मुलं एकवीस आणि टॅब एक, तोही कुणी दान दिलेला. आसपासच्या शाळांचे टॅब दोन-तीन वर्षांत मान टाकून कपाटात गेले होते. आमचा पाचव्या वर्षीही बोट लावलं की उघडायचा. दर शनिवारी शाळा सुटली की गुरुजी चष्मा कपाळावर चढवून बसत. आठवड्याचे फोटो, उतरवलेले व्हिडिओ, कुणी न उघडलेली ॲप, सगळं साफ. मग टॅब बंद करून पुन्हा चालू. नवं काही टाकायचं म्हटलं की विचारत, "बदल्यात कोनाला काढू, सांगा." उन्हाळ्यात टॅबला कव्हर काढून माठाशेजारची सावली मिळे आणि पाहुण्यांची खुर्ची उन्हात जाई. मुलं त्यांना पाठीमागे डिलीट गुरुजी म्हणत. मीही म्हणायचे.

गुरुजी त्याच तांड्यातले. "आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलूख फिरले," ते सांगत. "बैल किती उचलतो, हे न्हाई बघायचं. घाट चढंल का, ते बघायचं."

एकदा मी गुपचूप टॅबमध्ये माझी गाणी टाकली. शनिवारी ती गेली. सोमवारी मी चिडून विचारलं, "चार गाण्यांनी असं काय बिघडलं असतं?" त्यांनी मला वर्गात नेलं. एकेका मुलाचा दहा मिनिटांचा नंबर असे. टॅबवर गोष्ट उघडून वाचायची.

"टॅब जड झाला की ते चाक गरगर फिरतं," गुरुजी नंबर चालू असलेल्या मुलाकडे बोट दाखवत म्हणाले. "चाक फिरून राहिलं की लेकराची मिनिटं जाऊन राहिली. ह्याला दिवसाला दहाच भेटतात, बाई."

मी पुन्हा गाणी टाकली नाहीत. गाणी मात्र चांगली होती, हे आजही माझं मत आहे.

एकदा भेटीला आलेल्या साहेबांनी टॅबवर स्वतःचे चौदा फोटो काढून घेतले. त्यांची गाडी सुरू व्हायच्या आत गुरुजींनी ते उडवले. साहेबांनी गाडीच्या काचेतून पाहिलं. "काहून हो गुरुजी?"

"साहेब, तुमचं काम झालं न्हाई का? आता लेकरांचं होऊ द्या."

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा सगळा तांडा शाळेत जमला. बायकांनी गाणं म्हटलं आणि गुरुजी चक्क रडले. माझा फोन अर्थातच भरलेला, म्हणून मी सगळा समारंभ टॅबवर घेतला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. त्यांनी मला शाळेचा चार्ज दिला, टॅब हातात ठेवला, आणि बघते तर व्हिडिओ गायब.

"गुरुजी, तुम्ही होतात त्यात!"

"मला बघायचं असंल तर घरी या. मी हितंच हाय. लेकरांच्या नंबरात मला काहून घुसवता?"

त्यानंतर मी त्यांच्या घरी दोनदाच गेले. गेल्या वर्षी गुरुजी वारले. त्यांचा मुलगा शाळेत आला. "बाई, फ्रेमला बापूचा एखादा बरा फोटो हाय का? आमच्या फोनातले समदे त्यानंच काढून टाकले."

माझ्याकडे एकही नव्हता. मला गुरुजींचा राग आला, आणि त्या रागातच रडू आलं. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ते असे बघतात, की आत्ता विचारतील, किती जागा मोकळी हाय.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी टॅब घेऊन बसले. आधी तो साफ केला, मग माझा फोनही. सोमवारी पहिला नंबर गुरुजींच्या नातीचा होता. तिने बोट लावलं आणि गोष्ट लगेच उघडली. तिला दहाच्या दहा मिनिटं मिळाली.